माणदेशातली धंद्याची शाळा

विटा, खानापूर, आटपाडी या भागातला माणूस केरळात किंवा कोलकात्यात भेटला, तर तो काय करतो हे बहुतेक वेळा विचारावं लागत नाही. तो गलाईवाला असतो. जुने दागिने आटवायचे, त्यातली चांदी आणि तांबं वेगळं काढायचं आणि चोख सोनं सराफाच्या हाती द्यायचं, हा त्याचा व्यवसाय. सांगली जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यांतली आणि त्यांना लागून असलेल्या साताऱ्याच्या माण-खटावातली हजारो कुटुंबं पिढ्यानपिढ्या यावर जगत आली आहेत. पाऊस नाही, शेतीत राम नाही, म्हणून घराबाहेर पडलेली ही माणसं परमुलखात दुकानांची मालक झाली. ती कशी झाली हे नीट पाहिलं, तर गरीब घरातल्या तरुणांना धंदा कसा शिकवावा याविषयी बरंच काही कळतं.

शाळा अर्धवट सुटलेलं पोरगं चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानात जातं. सुरुवातीला त्याच्या हातात झाडू येतो. पण हे हलकं काम नव्हे. दुकानातला केर टाकायचा नसतो, साठवायचा असतो. भट्टीची राख, फुटलेल्या मुशीचे तुकडे, हात धुतलेलं पाणी, सगळं जपायचं, कारण त्यात सोन्याचे कण असतात आणि तो केर पुढे जाळून, गाळून त्यातून पैसे निघतात. नफा कुठून गळतो, हा पहिला धडा तिथेच मिळतो. मग भट्टीची पाळी येते. मूस कधी उतरवायची, टाकणखार किती घालायचा, हे शेजारी उभं राहून डोळ्यांनी शिकायचं. सोनं शुद्ध करताना त्यात आधी मुद्दाम चांदी मिसळतात, एकूण वजनात सोन्याचा वाटा साधारण चौथाई राहील इतकी. तो धातू तेजाबात उकळला की चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी विटेच्या चुऱ्यासारखी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन पुन्हा वितळवली की पिवळं सोनं हाती येतं. तेजाबात उतरलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवतात. अनेक पदवीधरांना न जमणारं हे रसायनशास्त्र दहावी नापास मुलगा सरावाने आत्मसात करतो.

तरीही एवढ्यावर तो मालक होत नाही. त्याला गावच्या सराफांची ओळख होते, तिथली भाषा बोलता येऊ लागते, रोजचा भाव कळतो, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला नाही हे समजतं. काही वर्षांनी तोच चुलता किंवा भावकीतलं कुणी त्याच्या पाठीशी रक्कम उभी करतं आणि पोरगं दुसऱ्या गावात स्वतःची भट्टी लावतं. हातचं काम, बाजाराची जाण आणि वेळेला मिळणारं भांडवल या तिन्ही गोष्टी त्याला एकाच जागी मिळाल्या, म्हणून तो टिकला.

या पद्धतीची किंमतही मोठी आहे. तेजाबाचा तांबूस धूर फुप्फुसात जातो. चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून पोलिसांचा फेरा मागे लागतो. शिवाय हे दार फक्त नात्यातल्या मुलांनाच उघडं असतं. ज्याचा कुणी चुलता परमुलखात नाही त्याने काय करायचं? आणि मुलीने?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी या परिसरात एका माणसाने वेगळ्या वाटेने सोडवायला घेतला होता. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणमहर्षी म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते काही काळ विक्रेते होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना वसवला, तेच आजचं किर्लोस्करवाडी. तिथला लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा मालाचे प्रतिनिधी म्हणून भाऊराव गावोगाव फिरले. माल चांगला असणं पुरेसं नसतं, तो घेणाऱ्याच्या मनातली भीती ओळखावी लागते, हे त्यांनी पायाला धूळ लावून पाहिलं. त्याच फिरतीत बहुजनांच्या घरातलं अज्ञान आणि कर्ज त्यांना जवळून दिसलं.

त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण भाऊरावांना दानावर चालणारं वसतिगृह नको होतं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य त्यांनी भिंतीपुरतं ठेवलं नाही. मुलं स्वयंपाक करत, लाकडं आणत, शेतात राबत आणि त्यातून आपला खर्च भागवत. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते याच ‘कमवा व शिका’ तत्त्वावर. रयतच्या छत्राखाली शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

आज अनेक महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना चालते, पण तिचा अर्थ बराच आकसला आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागेला पाणी घालणं आणि तासाप्रमाणे मानधन घेणं एवढ्यावर ती बऱ्याच ठिकाणी येऊन थांबते. गरजू विद्यार्थ्याला त्या पैशांचा आधार होतो, हे खरंच. मात्र त्यातून त्याला किंमत ठरवायला, गिऱ्हाईक शोधायला किंवा तोटा पचवायला मिळत नाही. मजुरीची सवय आणि उद्योगाची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दुसरी सवय मुद्दाम, पद्धतशीर शिकवण्याचा सगळ्यात ठळक प्रयोग माण तालुक्यातल्या म्हसवडला झाला, आणि तो सुरू झाला बँकेपासून. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या, मुंबईत वाढलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितलं की तिला थोडेथोडे पैसे साठवायचे आहेत, पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला ताडपत्री घ्यायची आहे, पण एवढ्या किरकोळ रकमेचं खातं कुठलीच बँक उघडत नाही. मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासद निरक्षर होत्या आणि कागदावर अंगठे होते. बायकांनी संध्याकाळचे साक्षरतेचे वर्ग सुरू केले. पुन्हा मुंबईला गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की तुम्ही कोणत्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

ही गोष्ट गेल्या काही वर्षांत जगभर सांगितली गेली. चेतना सिन्हा २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. पण या गोष्टीचं महत्त्व त्या बायकांच्या हजरजबाबीपणात नाही. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. भाजी विकणारी, शेळ्या सांभाळणारी बाई रोज मनातल्या मनात व्याज मोजत असते, कारण सावकाराला तेच द्यावं लागतं. नव्हता तो त्या हिशेबाला मान देणारा कागद. म्हणजे शिकवणाऱ्याने कोरी पाटी समजून सुरुवात केली तर चुकणारच. त्यांना जे येतं त्याच्या पुढचं शिकवायचं असतं.

कर्ज घेणाऱ्या बायकांनीच पुढे मागणी केली की नुसते पैसे देऊ नका, धंदा करायलाही शिकवा. त्यातून माणदेशी फाउंडेशनने २००६ साली ग्रामीण महिलांसाठी उद्योगशाळा सुरू केली. म्हसवडला येणं प्रत्येकीला जमत नव्हतं. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, सासूची परवानगी, असे अडथळे होते. म्हणून शाळाच बसमध्ये घालून वाड्या-वस्त्यांवर नेली गेली. शिवणयंत्रं, संगणक आणि शिकवणाऱ्या बाई, सगळं त्या बसमध्ये. २००८ साली म्हसवडहून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र बोलू लागलं आणि हिशेबाच्या, बचतीच्या गोष्टी माणदेशी बोलीत घरात पोहोचल्या. ज्यांचा छोटा धंदा आधीच चालू आहे अशांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम निघाला, त्याला ‘देशी एमबीए’ असं नाव पडलं.

या शाळेत मुली-बायका नेमकं काय शिकतात, त्याचं एक उदाहरण शेळ्यांचं आहे. माणदेशात शेळी हे गरिबाचं चालतं-बोलतं खातं. पण गावात चांगला बोकड नसतो, असला तर एकाच बोकडापासून पिढ्या निघत राहतात आणि करडं खुरटी होतात. माणदेशीने गावातल्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण दिलं. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात जपलेल्या वीर्याच्या कांड्या हाताळायच्या. शेळी माजावर आली आहे का, हे शेपटीच्या हालचालीवरून, ओरडण्यावरून ओळखायचं. वेळ चुकली की कांडी वाया. हा झाला हुन्नर. पण खरी परीक्षा पुढे असते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. आज पैसे घेतले आणि निकाल दिसणार पाच महिन्यांनी! तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास टिकवायचा, शेळी उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर पुन्हा जायचं की नाही आणि गेलं तर फी घ्यायची की नाही हे ठरवायचं, वहीत प्रत्येक शेळीची तारीख लिहायची. कालपर्यंत मजुरीला जाणारी बाई पुरुषांच्या दारात डॉक्टरीण म्हणून उभी राहते आणि ठरलेली फी मागते. पैसे मागताना आवाज खाली न जाणं, हेसुद्धा शिकावं लागतं.

फीपेक्षाही अवघड असतं मालाची किंमत काढणं. समजा एका मुलीने घरी शेंगदाण्याची चटणी केली. किलोभर शेंगदाणे दीडशे रुपये, मिरची-लसूण-मीठ तीस, गॅस दहा, पिशव्या आणि लेबल दहा. दोनशे रुपये खर्च झाले. पाव किलोच्या चार पुड्या साठ रुपयांना विकल्या, दोनशे चाळीस आले. चाळीस रुपये सुटले म्हणून ती खूश होते. आता प्रशिक्षक विचारतात, बाजाराला कशी गेलीस? एसटीने, अर्ध्या तिकिटात, जाऊन-येऊन तीस रुपये. चटणी कुटायला आणि विकायला किती वेळ गेला? चार तास. रोजगाराला गेली असती तर चार तासांचे किती मिळाले असते? वर एक पुडी शेजारणीला उधार गेलेली. वहीत ओळी वाढतात तसतसा नफा वितळतो आणि शेवटी तोटा उभा राहतो. आपल्या श्रमाला किंमत असते ही गोष्ट भाषणात शंभरदा सांगून पटत नाही, ती अशी वहीत उतरल्यावर पटते. मग ती मुलगी पुडीचा भाव वाढवायचा, जास्त घाण्याने खर्च कमी करायचा की चटणी सोडून दुसरंच काही करायचं, याचा विचार करू लागते. धंदा तिथून सुरू होतो.

सरकारी बाजूला असंच काम करणारी यंत्रणा दोन्ही जिल्ह्यांत आहे, फक्त अनेकांना तिचं नावही ठाऊक नसतं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बोलीभाषेत आरसेटी. साताऱ्यात ती आयडीबीआय बँकेची आहे, सांगलीत बँक ऑफ इंडियाची. हिचं मूळ कर्नाटकातल्या उजिरे गावी, जिथे १९८२ साली डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने दोन बँकांच्या साथीने पहिली संस्था निघाली. तिथला अनुभव पाहून केंद्र सरकारने प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था काढायचं धोरण घेतलं. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवण मोफत, आणि शिकून गेल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करण्याची जबाबदारी संस्थेची. गलाईवाल्याच्या चुलत्याने जे केलं, ते इथे बँकेने करायचं असतं.

या वर्गांत एक खेळ खेळवतात. जमिनीवर खुंटी, हातात कड्या. कुठून फेकायचं ते ज्याने त्याने ठरवायचं; जितकं लांबून, तितके गुण जास्त. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात, सगळ्या कड्या घालतात आणि थोडे गुण घेऊन परततात. काही जण दहा पावलं मागे जाऊन नशीब आजमावतात. थोडेच जण मधलं अंतर निवडतात, पहिली कडी हुकली की अर्धं पाऊल पुढे येतात, लागली की मागे सरकतात. खेळ संपल्यावर प्रशिक्षक गुण बाजूला ठेवतो आणि प्रत्येकाला विचारतो, तू तिथेच का उभा राहिलास? जोखीम म्हणजे जुगार नव्हे, ती मोजता येते, हे त्या चर्चेत उमगतं.

या खेळामागे मोठा इतिहास आहे. उद्योजक जन्माला यावा लागतो, विशेषतः ठरावीक जातींतच येतो, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६०च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना यश मिळवण्याची प्रेरणा वाढवणारं प्रशिक्षण देऊन तो तपासला आणि प्रशिक्षण घेतलेल्यांनी नंतर जास्त धडपड केल्याचं त्यांना दिसलं. अलीकडचा पुरावा अधिक भक्कम आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात पंधराशे छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीचं हिशेब-विपणनाचं शिक्षण दिलं, दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेण्याची, अडचण येण्याआधी तिचा विचार करण्याची सवय लावणारं, तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढाकार शिकलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या शिक्षणाने ११ टक्के वाढ दिसली, तीही खात्रीने सांगण्याजोगी नव्हती.

युगांडातली गोष्ट मात्र सावध करते. तिथे तरुणांच्या गटांना काम शिकण्यासाठी आणि अवजारांसाठी माणशी सुमारे चारशे डॉलर रोख दिले गेले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिलं, तर मागे राहिलेल्यांनी त्यांना जवळपास गाठलं होतं. अनुदानाने सुरुवात लवकर होते. पुढची वाढ वेगळी गोष्ट आहे, तिला नवी बाजारपेठ आणि नवं भांडवल पुन्हा लागतं.

आपल्याकडे तर अनेकदा सुरुवातच चुकीच्या जागी होते. मुलगी म्हणजे शिवणकाम किंवा ब्युटी पार्लर, मुलगा म्हणजे मोबाइल दुरुस्ती, असं ठरवूनच वर्ग भरतात. तीन हजार वस्तीच्या गावात शिवणाचे पाच वर्ग झाले की पाच वर्गांतल्या बायका एकमेकींचा दर पाडतात. प्रमाणपत्र वाटपाचा फोटो छान येतो, धंदा कुणाचाच चालत नाही. गावाला काय हवं आहे ते आधी पाहायला हवं. टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर नेलं. तिथे आता पाणबुडी मोटारी आहेत, ठिबकच्या नळ्या आहेत, द्राक्षबागांत औषध मारणारे ब्लोअर आहेत. ऐन हंगामात ब्लोअर बंद पडला तर बागायतदार दुरुस्ती करणाऱ्याची वाट पाहत बसतो, कारण फवारणी एक दिवस चुकली तर दावण्या रोग घड घालवतो. मोटार रिवायंडिंग आणि ब्लोअर दुरुस्ती येणाऱ्या, रात्री फोन उचलणाऱ्या आणि सुटे भाग जवळ ठेवणाऱ्या मुलाला त्या भागात काम कमी पडणार नाही. आयटीआयमध्ये त्याला वायरमन किंवा मेकॅनिकचं काम शिकवतात, उद्योजकतेचे चार धडेही अभ्यासक्रमात असतात. पण हंगामाआधी किती बेअरिंग भरून ठेवायचे आणि त्यासाठी पैसे कुठून आणायचे, हे त्याला आयटीआयच्या बाहेरच शिकावं लागतं.

पैशांच्या बाबतीत कागदावर तरी चित्र बरं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, सुतार अशा अठरा प्रकारच्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, पंधरा हजारांची अवजारं आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्ज आहे. प्रशिक्षण, अवजार आणि कर्ज एका धाग्यात ओवण्याची कल्पना योग्य आहे. मुद्रा योजना २०१५पासून आहे. तरीही गाडं अडतं ते शाखेच्या दारात. मुलाकडे यंत्राचं कोटेशन नसतं, दुकानाच्या जागेचा भाडेकरार नसतो, वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असतं आणि शाखाधिकारी त्या थकबाकीकडे बोट दाखवून जामीनदार मागतो. मुलीच्या नावावर तर बहुधा जमिनीचा तुकडाही नसतो. सूक्ष्म उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट निर्देश आहे, पण ही गोष्ट खिडकीसमोर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेली नसते.

म्हणून प्रशिक्षणाला नाव घालण्याआधी सातारा-सांगलीतल्या मुला-मुलींनी संस्थेला रोखठोक विचारावं. मागच्या तुकडीतल्या किती जणांचा धंदा आज चालू आहे आणि त्यांतल्या दोघा-तिघांना भेटता येईल का? कर्जाचा प्रस्ताव तुम्ही भरून देणार की हातात फक्त प्रमाणपत्र ठेवणार? बँकेत पहिल्यांदा जाताना सोबत कोण येईल? आरसेटीत शिकलेल्याला दोन वर्षांचा पाठपुरावा नियमानेच मिळायचा असतो. तो मिळत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन ठेवावी.